धरणीची तार

राजेळी केळं एकदा पिकलं की कोणाचं ऐकत नाही. आज सोलायचं तर आजच. उद्यावर टाकलं की ते आंबतं आणि गावभरची चिलटं बोलावून मोकळं होतं! आणि या वर्षी दसरा होऊन दहा दिवस झाले तरी आमच्या वटारच्या वाडीवर ऊन म्हणून पडेना. सकाळी आभाळ हंड्याच्या बुडासारखं, दुपारी एक सर, संध्याकाळी दुसरी. सुकेळ्यांना, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांना, आठवडाभर कडक ऊन लागतं. मांडवावर घातलेली पहिली खेप आम्ही सहा वेळा आत-बाहेर केली. सातव्या वेळी केळ्यांवर पांढरी बुरशी दिसली. आईने कुदळ घेतली. खड्डा खणला, सगळी ओतली, वर माती ओढली आणि पाय धुवायला गेली.

दुसरी खेप खोलीत पेंढ्याखाली पिकत होती. बाराशे केळी. तीही गेली असती, तर त्या दिवाळीला आमच्या घरची सुकेळी कोणाच्याच घरी गेली नसती. असं आबांच्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं आणि आबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

म्हणून शनिवारी सकाळी बाबांनी ड्रायर आणला. बाबा वसई पूर्वेला औषधांच्या कारखान्यात कामाला आहेत. तिथे नवी यंत्रं आली म्हणून हा जुना काढून टाकला होता. स्टीलच्या कपाटाएवढा, आत चोवीस जाळ्या, मागे पंखा आणि तापायच्या सळया. घरच्या मीटरला तो पेलणारा नव्हता. टेम्पोवाल्यासकट पाच जणांनी तो चिखलातून ढकलत पंपाच्या शेडमध्ये नेला. मी मागून "हं! हं!" करत होते आणि बाबा म्हणत होते, "आवाज नको, जोर लाव."

ड्रायरच्या पाठीवर पत्र्याची पट्टी होती. ओढणीने पुसून मी वाचली. "सिंगल फेज. दोनशे तीस व्होल्ट. चार किलोवॅट."

"आणि इथे थ्री फेज," बाबा कपाळ चोळत म्हणाले.

रस्त्याकडेच्या मीटरपासून शेडमध्ये तीन तारा येत होत्या. तिन्ही जिवंत, पाण्याच्या मोटरीसाठी. सिंगल फेजच्या यंत्राला एक जिवंत तार लागते आणि वीज परत जायला दुसरी, न्यूट्रल. ती मीटरपाशी होती, पण शेडपर्यंत आबांनी ओढलीच नव्हती. मोटरीला तीन पुरतात, चौथी कशाला?

"मग त्यातल्याच दोन घ्या ना," आई म्हणाली.

"दोन जिवंत घेतल्या तर चारशे व्होल्ट, आई! होळी होईल त्याची."

आबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "शाळेत आता हेपण शिकवतात?"

"मल्टी स्किलच्या तासाला. ज्युली टीचर." मागच्याच महिन्यात मी एक्स्टेन्शन बोर्ड जोडला होता आणि तो अख्ख्या वर्गात पहिल्या झटक्यात चालला होता.

"मग तुझ्या टीचरला सांग, आमच्याकडे चौथी तार धरणीने दिलीय."

त्यांनी शेडमधल्या बल्बकडे बोट दाखवलं. त्या बल्बची एक तार जिवंत तारेला होती. दुसरी भिंतीतून बाहेर जाऊन एका लोखंडी पाइपला बांधलेली होती, आणि पाइप जमिनीत ठोकलेला. शेडच्या खाली दहा पावलांवर आमचं बावखल आहे, म्हणजे वाडीचं गोड्या पाण्याचं तळं. तिथली माती कायम ओली. बल्बातून आलेली वीज पाइपातून मातीत जाई आणि मातीतूनच आपली वाट शोधत परत जाई. पंचवीस वर्षं तो बल्ब असाच जळत होता.

"आबा, तो बल्ब चाळीस वॅटचा आहे. हा चार हजारांचा."

"धरणी काय मोजून घेते? अगो, ती अख्खी वसई पोटात घेऊन बसलीय. तुझा ड्रायर तिला जड होणार?"

बाबांनी आगाशीच्या फ्लॉईड वायरमनला फोन लावला. तो एका हॉलच्या कामात अडकला होता, सोमवारी येतो म्हणाला. खोलीतून पिकल्या केळ्यांचा वास अंगणापर्यंत आला होता. बाबांनी घड्याळ पाहिलं, पाळी गाठायची होती. "सांभाळून करा," एवढं बोलून ते गेले. आबांनी पक्कड घेतली. आबांच्या हातात पक्कड असली की आमच्या घरात कोणी प्रश्न विचारत नाही.

केळी सोलायला कृष्णाबाई आली होती. ती खाडीकडच्या गावातली. तीस वर्षं दर हंगामाला येते. ती सोलते तेव्हा केळ्याला ओरखडा उठत नाही, आणि सुकेळं आतून कितपत वाळलंय हे अंगठ्याने दाबून सांगणारी बाई आमच्या आळीत दुसरी नाही. आई आणि ती समोरासमोर बसल्या, मी जाळ्यांवर केळी मांडत गेले. दुपारी बारा वाजता आबांनी खटका वर केला. पंखा घुमला आणि आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या.

दोन तासांनी मी दार उघडून हात घातला. कोमट! आंघोळीचं पाणी विसरल्यावर होतं ना, तेवढंच. आणि शेडमधला बल्ब लाल, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा.

"धरणी सुकलीय," आबांनी निदान केलं. "मीठ-पाणी पाज तिला."

मी बादलीत दोन ओंजळी मीठ कालवलं आणि पाइपाच्या बुडाशी ओतलं. बल्ब खरोखर उजळला. आबांनी मिशीला हात लावला. अर्ध्या तासात पुन्हा लाल. पुन्हा बादली. संध्याकाळपर्यंत मी अकरा बादल्या ओतल्या. पायात रबरी स्लीपर होत्या म्हणून मला काही कळलं नाही, हे नंतर लक्षात आलं.

रविवारी सकाळी आबांनी डोकं चालवलं. पाइप उपटला आणि पाण्याच्या कडेला, धुण्याच्या पायरीपासून तीन हातांवर, चिखलात घणाने पार खोल घातला. तार लांबवली. खटका वर केला, आणि काय सांगू! ड्रायर भट्टीसारखा तापला. दार उघडलं की मधासारखा वास. केळ्यांच्या कडा तांबूस व्हायला लागल्या.

"बघ," आबा मला म्हणाले. "लिही वहीत."

आई पहिल्यांदा हसली. कृष्णाबाईने कालच्या चिकट जाळ्या कमरेवर घेतल्या आणि पायरीवर धुवायला बसली. थोड्या वेळाने ती वर आली. हातात जाळ्या तशाच, न धुतलेल्या.

"पान्यान मुंग्या हान," ती म्हणाली.

"मुंग्या पाण्यात?" आबा हसले. "मग मासे झाडावर चढले असतील."

"तशा नाय. पायाना चावतान. पोटरीपरत येतान."

"वय झालं तुझं, कृष्णे. माझ्या पायांनापण येतात, मी सांगत फिरतो का? आज कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय."

आई म्हणाली, "घरातल्या नळावर धू हवं तर." पण नळाला पाणी करंगळीएवढं, आणि जाळ्या चोवीस. कृष्णाबाईने आईकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि परत उतरली. मी वरून बघत होते. ती पायरीवर उकिडवी बसली, पाय पाण्याबाहेर ओढून घेतलेले, हात लांब करून जाळी बुडवत होती. विस्तवावरची भाकरी उलटताना बोटं मागे घेतो तशी सारखी बोटं मागे घेत होती.

मला ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

जेवण झाल्यावर आबा आडवे झाले. मी शाळेचा टेस्ट लॅम्प काढला. त्यात काहीच नसतं, एक होल्डर, एक पंधरा वॅटचा बल्ब आणि दोन लांब तारा. पायात स्लीपर घातल्या, हातात रबरी मोजे. पायरीपाशी चिखलात पहार रोवली. एक तार पहारीला बांधली. दुसरीचं टोक प्लॅस्टिकच्या वेष्टनाला धरून हळूच पाइपाला टेकवलं.

बल्ब लागला.

लख्ख नाही, विझत्या उदबत्तीएवढा लाल. पण लागला! पहार कशालाच जोडलेली नव्हती. चिखलात नुसती उभी होती. म्हणजे पाइप आणि पायरी यांच्यामधल्या तीन हात मातीतच वीज होती, एक बल्ब पेटवण्याएवढी, आणि त्याच मातीत कृष्णाबाई उघड्या पायांनी बसली होती. ड्रायरमधून आलेली सगळीच्या सगळी वीज तिच्या पायांखालून परत चालली होती. 

मी लॅम्प घेऊन घराकडे धावले. "आबा! उठा! बघायला चला!"

ओटीवर आबा नव्हते. आई केळी उलटायचा चिमटा धूत होती. "आबा शेडवर गेले आत्ता, पाठच्या वाटेने. ड्रायर थंड पडलाय म्हणाले."

मी परत फिरले. केळींमधली वाट निसरडी, स्लीपर चिखलात रुतायला लागल्या. लांबूनच आबांचा आवाज आला.

"बादलीभर मीठ-पाणी ओतायला सांगितलं, विहीर खणायला नाही!"

"तुमचा पायप मना नको, आबा. मी जाल्या धुते, भांडी घासते, तो पायप नको."

"तीस वर्षं मीठ खाल्लंस ना या घरचं? आज बादलीभर ओतायला जीव जातोय?"

हे आबा कधीच बोलत नाहीत. पण तीन दिवस झोप नव्हती त्यांना, आणि ड्रायरमध्ये बाराशे केळी अर्धी वाळून अर्धी ओली बसली होती. कृष्णाबाईचा चेहरा मला दिसला नाही. फक्त तिने पदर खोचलेला दिसला आणि स्टीलची बादली उचललेली.

"नको!" मी ओरडले. "कृष्णाबाई, थांब!"

वारा समुद्राकडून होता. ड्रायरचा पंखा घोंघावत होता. तिला ऐकू गेलं नसावं, किंवा ऐकायचंच नव्हतं. ती उतरली. पाइपाशी वाकली. चिखलात पाय सरकला आणि तोल सावरायला तिने पाइपच धरला.

किंकाळी नाही, काही नाही. बादली घरंगळत पाण्यात गेली. कृष्णाबाई पाइप धरून खाली बसली आणि तशीच राहिली. मान मागे, तोंड उघडं, हात सुटेना.

खाली धावायचं की वर? पाय खाली निघालेच होते माझे, आईशप्पथ. पण ज्युली टीचरने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, माणसाला हात लावायचा नाही, आधी वीज. मी शेडमध्ये घुसले, आबांना धक्का लागला असेल, आठवत नाही, आणि मेन स्विचचा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला.

पंखा रेंगाळत थांबला.

"बंद का केलंस?" आबा ओरडले. "अगो, केळी! केळी आंबतील..."

 मी तिन्ही फ्यूज उपटून कुडत्याच्या खिशात टाकले, म्हणजे कोणी पुन्हा चालू करायला नको, आणि उतारावरून घसरत खाली गेले. आबा माझ्यामागे आले आणि त्यांनी पाहिलं.

कृष्णाबाई चिखलात कुशीवर पडली होती. डोळे उघडे होते. हात पोटाशी घेतलेला, बोटं मुडपलेली, सरळ होत नव्हती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती श्वास घेत होती, मोठे मोठे, ओढून.

"मुंग्या," ती म्हणाली.

आबा गुडघ्यांवर बसले. 

आईने रिक्षा आणली. आगाशीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, चार तास ठेवून घेतलं, तळहातावरच्या भाजल्याला मलम लावलं आणि घरी पाठवलं. मी घरीच राहिले. आबा ओटीवर बसून होते. मी टेस्ट लॅम्प त्यांच्यासमोर ठेवला आणि काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी बल्ब हातात घेऊन उलटासुलटा केला. "फ्यूज कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे. देणार नाही."

मी आबांना असं कधीच म्हटलं नव्हतं. ते चिडतील असं वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग उठले आणि म्हणाले, "केळी तरी बाहेर काढू."

त्या संध्याकाळी आमच्या घरात बसायला जागा राहिली नाही. पलंगावर, टीपॉयवर, अभ्यासाच्या टेबलावर, शिडी आडवी करून तिच्यावर, सगळीकडे जाळ्या. घरातले चार पंखे आणि शेजारच्या कार्मिन आंटीचे दोन. आई दर तासाला उलटवत होती, आबा वासावरून आंबलेली वेचून बाहेर टाकत होते. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर अजून एक चिकट डाग आहे.

सोमवारी फ्लॉईड आला. आबांपेक्षा तीस वर्षांनी लहान, पण त्या दिवशी त्याने वय पाहिलं नाही.

"कोणाचं डोकं हे?" पाइप हलवत तो म्हणाला. "आबा, तुमचं? माणूस मारायची मशीन बनवलीत तुम्ही. बल्बाला चाललं तेच चुकलं. त्याच दिवशी बल्ब मेला असता तर तुम्हाला समजलं असतं."

आबा ऐकून घेत होते. हातात त्याची पिशवी धरून उभे होते, एखाद्या पोऱ्यासारखे.

मीटरपासून शेड एकशे दहा पावलं. फ्लॉईडने चौथ्या तारेचं भेंडोळं आणलं होतं, तार जाड, काळ्या रंगाची. ती केळींमधून न्यायची, झाडांना न घासता, खांब रोवून. आबांनी खांबांचे खड्डे स्वतः खणले. बाबांनी सुट्टी टाकली होती, ते खांद्यावर भेंडोळं घेऊन पुढे, मी मागून तार सोडत. तार एवढी जड की संध्याकाळी माझे तळहात सोलले. मीटरच्या पेटीत न्यूट्रलला एक टोक, ड्रायरला दुसरं. वेगळी अर्थिंग, आणि गळती झाली की आपोआप पडणारा स्विच. बल्बची जुनी तार काढून तोपण न्यूट्रलला जोडला. पाइप आबांनी उपटला. तो निघता निघेना, पण त्यांनी कोणालाच हात लावू दिला नाही.

मी फ्यूज दिले. फ्लॉईडने खटका वर केला. ड्रायर तापला, बल्ब पांढरा लागला. फ्लॉईडने मला खाली पाठवलं. मी पायरीपाशी पहार रोवली आणि पाइप होता तिथे लोखंडी सळई, दोन्हींना लॅम्प लावला. काळाठिक्कर! जागा बदलून पाहिली, पाण्यात धरून पाहिली. काही नाही.

बाराशेतली सातशे केळी वाचली होती, ती परत ड्रायरमध्ये गेली. पण ती बाहेर काढायची कधी, आत किती ओली आहेत, हे आईच्याही अंगठ्याला नीट समजेना. मंगळवारी संध्याकाळी आबा मला घेऊन रिक्षाने खाडीकडे गेले. कृष्णाबाईची सून संजना दारात आली. पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. बऱ्याच वेळाने कृष्णाबाई बाहेर आली, हाताला पट्टी.

"चौथी तार घातली," आबा म्हणाले.

"बरा केला."

"आता काही होणार नाही."

"तवापन तुमी तसाच बोललाव."

संजना दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. आबांनी पेला खाली ठेवला. "उद्या येशील?"

"बगते," कृष्णाबाई म्हणाली आणि आत गेली.

बुधवारी मी दप्तर घेऊन शाळेला निघाले होते तेव्हा ती आली. थेट शेडवर गेली. ड्रायरचं दार उघडून तिने डाव्या अंगठ्याने एक केळं दाबलं, मग दुसरं, मग खालच्या जाळीवरचं. "दीड दिस आजून," ती आईला म्हणाली. "वरच्या खाली करा." आई लगेच वरच्या जाळ्या खाली घालायला लागली. मी दप्तर तिथेच टाकलं. चिकट जाळ्यांची चळत दाराशी होती. कृष्णाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग बावखलाकडे.

"आबा, आदी तुमी उतरा."

आईचा हात जाळीवर थांबला. आबा शेडच्या दारात उभे होते, हातात चहाचा कप.

"मी?"

"तुमीच. चपला काडून. मशीन चालू ठेवून."

"मी लॅम्प लावून बघितलंय, कृष्णाबाई," मी घाईने म्हणाले. "तीनदा. काहीच नाहीये आता."

"तू गप, गो. मी बल्बाना नाय इचारत."

आबांनी कप उंबऱ्यावर ठेवला. चपला काढून बाजूला ठेवल्या. धोतर गुडघ्यांवर खोचलं. उतारावरून ते एका हाताने केळीचा बुंधा धरत उतरले. म्हाताऱ्या पायांवरच्या निळ्या शिरा मला दिसत होत्या. ते पायरीवर उभे राहिले, मग पाण्यात. घोट्यापर्यंत. वर ड्रायर घुमत होता.

"झालं?"

"तितं नाय. पायप व्हता तितं."

पाइपाच्या जागी पाण्याने भरलेलं भोक होतं. आबा एक पाय ओढत, एक पाय टाकत तिथे गेले. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले. तोल गेला, हात हवेत फिरले, धरायला काहीच नव्हतं. आई पुढे झाली तसा कृष्णाबाईने पट्टीचा हात आडवा धरला. आबा सावरले. उभे राहिले.  बावखलावर एक खंड्या झेपावला आणि परत वर गेला.

कृष्णाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, खूप वेळ, घाई नसल्यासारखी.

"मुंग्या?" तिने विचारलं.

"नाहीत."

तिने चळतीतल्या सहा जाळ्या उचलल्या, कमरेवर घेतल्या आणि एक एक पायरी बघत उतरली. शेवटच्या पायरीवर तिने पायाचा अंगठा पाण्याला लावला. थांबली. मग पूर्ण पाऊल टाकलं.

"सरका मंग," ती आबांना म्हणाली. "मना जाल्या धुवाच्या हान."